गाण्याचा व्हिडिओ पुन्हा कापायला बसताना

गेल्या डिसेंबरात कॉलेजातली पाच मुलं माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आली. "ताई, गाणं झालंय. फक्त जरा फिनिशिंग करून द्या." गाणं त्यांच्यातल्याच एका मुलीनं लिहिलेलं आणि तिनंच गायलेलं. तिचे वडील गुळव्या आहेत, म्हणजे गूळ करणारे कारागीर. हंगाम सुरू झाला की ते गुऱ्हाळावरच मुक्कामाला असतात, आठ-पंधरा दिवसांतून एखादी रात्र घरी येतात. गाण्याची पहिली ओळच अशी: "बा, तुझ्या हाताला गुळाचा वास."

मी कोल्हापुरात २३ वर्षं एडिटिंग करते आहे. लग्नाच्या कॅसेटींपासून सुरुवात केली, आता जाहिराती आणि माहितीपट करते. विद्यार्थ्यांचे व्हिडिओ मी पैसे घेऊन दुरुस्त करून देत नाही, शेजारी बसून त्यांच्याकडून करून घेते. या गाण्याला आम्हाला १९ दिवस लागले. रोज संध्याकाळी दोन-अडीच तास. त्यात काय केलं, कोणत्या क्रमानं केलं आणि का, ते इथं लिहिते आहे. तुमचं गाणं वेगळं असेल, पण पहिल्या कटात, म्हणजे पहिल्यांदा जोडलेल्या व्हिडिओत, चुका साधारण याच असतात.

त्या पाचही जणांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली. पहिला कट म्हणजे शूटिंगचा हिशेब असतो. कुठं पहाटे चारला उठून गेलो, कुठं चिखलात उभं राहिलो, कशाला पैसे मोजले, ते सगळं त्यात येतं. बघणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, त्याला फक्त गाणं ऐकू येत असतं. तेव्हा पुढचं सगळं काम म्हणजे तो हिशेब बाजूला ठेवून गाण्याच्या मागं जाणं.

काही न कापता दोनदा बघा

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. पूर्ण, मध्ये न थांबता. हातात वही ठेवा आणि नुसतं बघून काय कळलं ते दोन ओळींत लिहा. आमच्या मुलांनी लिहिलं: "गुऱ्हाळ कसं चालतं." एकानं लिहिलं: "ऊस, धूर, एक मुलगी चालतेय."

मग स्क्रीनकडे पाठ करून, डोळे मिटून नुसतं गाणं ऐका आणि तेच करा. या वेळी पाचही जणांनी वडील आणि मुलगी असंच लिहिलं. गाणं लिहिणाऱ्या मुलीनं लिहिलं: "ते झोपलेले असताना मी त्यांचा हात बघते."

आता या दोन वह्या शेजारी ठेवा. व्हिडिओत वडिलांचा हात एकूण किती वेळ होता? आम्ही मोजलं, ११ सेकंद. ३ मिनिटं ३६ सेकंदांच्या गाण्यात ११ सेकंद. ज्या गोष्टीवर गाणं उभं आहे तीच चित्रात नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. फक्त कच्चं फुटेज बघितलं, दोन तास ४० मिनिटांचं, आणि हाताचा जो जो शॉट सापडेल त्याची वेळ लिहून काढली. कॅमेरा बंद करायच्या आधी आणि 'ॲक्शन' म्हणायच्या आधी अनवधानानं टिपलेले सेकंद असतात, ते नीट बघा. आम्हाला सगळ्यात चांगला शॉट तिथंच सापडला: शॉट संपला असं समजून वडील ओट्यावर बसतात आणि बोटांच्या पेरांवर वाळलेला गूळ नखानं खरवडतात. सात सेकंद. तो पहिल्या कटात नव्हताच.

कच्चा माल सरळ करा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. मग दहाव्या दिवशी तेच आडवं येतं.

मुलांनी निम्मं शूट कॉलेजच्या कॅमेऱ्यावर केलं होतं, सेकंदाला २५ फ्रेम. उरलेलं दोन फोनवर, ३० फ्रेम. टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली क्लिपा मांडायची पट्टी, ३० ची होती, कारण पहिली क्लिप फोनची टाकली आणि सॉफ्टवेअरनं विचारल्यावर 'हो' म्हटलं. गाण्याचे बहुतेक लिपसिंकचे, म्हणजे ओठ गाण्याशी जुळवायचे, शॉट मात्र कॅमेऱ्यावरचे. म्हणून आम्ही २५ ची नवी टाइमलाइन केली. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा टाइमलाइनवर फुटेज पडलं की प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही, त्यामुळं हे ठरवणं पहिल्या दिवसाचं काम.

३० फ्रेमचा शॉट २५ च्या टाइमलाइनवर टाकला की दर सहावी फ्रेम गळते. माणूस स्थिर बसलेला असेल तर कळत नाही, पण कॅमेरा आडवा फिरत असेल तर बारीक बारीक ठेच लागल्यासारखी वाटते. उपाय सोपा आहे. ज्या शॉटमध्ये ओठ हलत नाहीत त्याचा वेग ८३.३३ टक्के करा. मग तीसच्या तीस फ्रेम वापरल्या जातात, शॉट किंचित संथ होतो आणि ठेच जाते. वाफ, ज्वाळ, काहिलीतली, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतली, उकळी असल्या शॉटना तर हा संथपणा शोभतोच. ६० फ्रेमवर टिपलं असेल तर आकडा ४१.६७.

फोनचं आणखी एक. बरेच फोन नेमके ३० फ्रेम धरून ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की कमी-जास्त होतात. अशी क्लिप सुरुवातीला आवाजाशी जुळते आणि पुढं हळूहळू सरकते. आमचा एक लांब टेक मुखड्याला बरोबर होता आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सहा फ्रेम मागं पडला होता. असा माल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा. आधी कापून मग बदलायला गेलात तर सगळे कट पुन्हा जुळवावे लागतात.

गुऱ्हाळघरातल्या ट्यूबलाइटखाली टिपलेल्या चार शॉटमध्ये उजेडाचे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला तर पट्टे येत नाहीत. फोन मोकळा सोडला तर तो स्वतःच्या मनानं काहीतरी तिसरंच धरतो. टिपून झाल्यावर हे काढणं जिकिरीचं असतं. आम्ही ते चारही शॉट सोडून दिले.

'बा' म्हणताना ओठ उघडतात ती फ्रेम

लिपसिंक नजरेनं "बरोबर वाटतंय" म्हणून सोडू नका. मराठीत प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं आहेत, ती म्हणताना ओठ मिटल्याशिवाय गत्यंतर नाही. सिंक तपासायला यापेक्षा चांगली खूण नाही. आमच्या नशिबानं गाण्याचा पहिला शब्दच 'बा'. शॉट एकेक फ्रेम पुढं सरकवत न्या. ओठ मिटलेले, मिटलेले, मिटलेले, आणि ज्या फ्रेमला ते सुटतात तीच फ्रेम गाण्याच्या लहरीत (टाइमलाइनवर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखात) 'बा'चा उंचवटा सुरू होतो तिथं बसवा. मग त्याच शॉटमध्ये पुढचा एखादा 'म' किंवा 'प' शोधून तिथंही बघा. दोन्हीकडं जुळलं तर मधलं सगळं जुळलेलं असतं.

२५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. एक फ्रेम इकडं-तिकडं चालते. दोन फ्रेमला माणसाला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. तीनला डबिंगचा सिनेमा वाटतो.

आणि एक चूक जी मी दर वर्षी बघते. मुलं एडिटिंग करतात फोनवर आलेल्या एमपी-थ्रीवर आणि शेवटी स्टुडिओतली वेव्ह फाइल आणून तिच्या जागी ठेवतात. एमपी-थ्री बनताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. त्यामुळं वेव्ह फाइल शून्यावर ठेवली की अख्खं गाणं एखाद-दीड फ्रेमनं सरकतं. वेव्ह फाइल पहिल्याच दिवशी मागून घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. उशिरा मिळाली तर शून्यावर न ठेवता लहरीला लहर जुळवून ठेवा आणि 'बा' पुन्हा तपासा.

पुढच्या शूटसाठी एक सांगून ठेवते. संथ चालीतही ओठ जुळलेले हवे असतील तर गाणं दुप्पट वेगानं वाजवून गाऊन घ्यायचं आणि ५० फ्रेमवर टिपायचं. २५ वर आणलं की चाल संथ होते आणि ओठ गाण्यावर बसतात. गाणाऱ्याला आधी चार-पाचदा सराव लागतो.

समेवर किती वेळा कापणार?

गाणं केरवा तालात आहे. लय मिनिटाला १०० मात्रा. म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची, २५ च्या टाइमलाइनवर बरोबर १५ फ्रेम. आठ मात्रांचं आवर्तन १२० फ्रेमचं, ४.८ सेकंद. पूर्ण गाण्यात अशी ४५ आवर्तनं. तुमच्या गाण्याचा हा हिशेब पहिल्यांदा काढून भिंतीवर चिकटवा आणि टाइमलाइनवर प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खूण टाका.

आता त्या खुणेवर कापायचं का? मुलांनी तेच केलं होतं. प्रत्येक समेवर कट, बऱ्याच ठिकाणी 'खाली'वरही (आवर्तनाच्या मधल्या पाचव्या मात्रेवर), आणि ढोलकीचा तुकडा आला की दर मात्रेला. १४० शॉट. सरासरी दीड सेकंदाला एक. पहिल्या मिनिटात मजा येते, पण दुसऱ्या मिनिटाला बघणाऱ्याचं डोकं पुढचा कट कधी येणार ते ओळखू लागतं. त्या क्षणी चित्र मेलं. ढोलकी आधीच सम दाखवते आहे, तीच गोष्ट कटनं पुन्हा कशाला सांगायची?

मी त्यांना म्हटलं, ढोलकी ऐकू नका, श्वास ऐका. गाणारी मुलगी ओळ संपल्यावर श्वास घेते, तो रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो. तिथं कापून बघा. "बा, तुझ्या हाताला" आणि "गुळाचा वास" यांच्यामध्ये ती किंचित थांबते. पहिल्या कटात हा थांबा ओलांडून तीन शॉट जात होते. आता तिथं एकच कट आहे: 'हाताला' या शब्दापर्यंत तिचा चेहरा, थांब्याच्या आत कट, आणि 'गुळाचा' सुरू व्हायच्या दोन फ्रेम आधी वडिलांची बोटं. दोन फ्रेम आधी का, तर डोळ्याला नवं चित्र ओळखायला जरा वेळ लागतो. शब्दाच्या नेमक्या सुरुवातीला कापलं तर चित्र उशिरा आल्यासारखं वाटतं. हे तुम्ही स्वतः करून बघा: एकच कट शब्दावर, दोन फ्रेम आधी आणि पाच फ्रेम आधी, असे तीन नमुने करा आणि तिघांना दाखवा.

समेवरचे कट आम्ही अगदी काढून टाकले नाहीत. जिथं गाणं खरोखर उघडतं तिथं राखून ठेवले. मुखडा परत येतो त्या तीन समा आणि शेवटचा अंतरा सुरू होतो ती एक. बाकी कट श्वासावर, नजरेवर, हालचालीवर. शेवटी ७४ शॉट उरले, सरासरी तीन सेकंदांच्या आसपास. पण सरासरीवर जाऊ नका. वडील बोटं खरवडतात तो शॉट पूर्ण सात सेकंद चालतो, दीड आवर्तन, आणि त्या वेळात ढोलकी वाजत असूनही आम्ही कापलेलं नाही.

ड्रोन, आणि मळीचा क्रम

सगळ्यात अवघड दिवस होता सहावा. गाण्याच्या सुरुवातीला चार आवर्तनं नुसतं संगीत आहे, १९.२ सेकंद. त्यावर मुलांनी उसाच्या फडावरून जाणारा ड्रोनचा शॉट टाकला होता. खर्च पाचांनी वाटून घेतला होता, एकानं तर त्या महिन्याची मेसची रक्कम त्यात घातली होती. शॉट सुरेख होता. पहाटेचं धुकं, उसाचे तुरे, लांब गुऱ्हाळाचा धूर.

मी तो काढायला सांगितला नाही. त्यांना दोन सुरुवाती करून आणायला सांगितल्या. एक ड्रोनची. दुसरीत संगीत सुरू व्हायच्याही आधी चार सेकंद काळा पडदा आणि नुसता आवाज, चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाची चिपाडं जळताना तडतडतात तो. मग अंधारात जळव्याचा, म्हणजे जाळ घालणाऱ्याचा, हात आत चिपाडं ढकलतो, उजेड पडतो आणि गाणं सुरू होतं. दोन्ही सुरुवाती मी माझ्याकडं काम करणाऱ्या मावशींना, शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांना आणि माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला दाखवल्या. "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. माणसं चांगलंच म्हणतात. व्हिडिओ अर्ध्यावर थांबवून विचारायचं, "पुढं काय असेल?" ड्रोनच्या सुरुवातीनंतर मावशी म्हणाल्या, "शेतीची माहिती असंल." दुसरीनंतर म्हणाल्या, "कुणाचा तरी बाप हाय ह्यो."

ड्रोनचा शॉट त्या मुलांनी स्वतः काढला. ज्यानं मेसचे पैसे घातले होते, त्यानंच माउस हातात घेतला. तो शॉट वाया गेला नाही. शेवटच्या अंतऱ्यात मुलगी एसटीनं परत निघते, तिथं त्याचे चार सेकंद वापरले. आता तो धूर लांबून दिसतो तेव्हा त्या धुराखाली कोण उभं आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट मुलीच्या वडिलांनी दाखवून दिली. चौथा कट आम्ही गुऱ्हाळावर नेऊन लॅपटॉपवर त्यांना दाखवला. ते एक शब्द न बोलता बघत होते. संपल्यावर म्हणाले, "मळी काढून झाल्यावर काहिलीत रस वततंय का कोण? आधी रस, मग मळी. तुम्ही उलटं लावलंय." खरंच होतं. झाऱ्यानं मळी, म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळ, काढण्याचा शॉट दिसायला छान म्हणून आम्ही पुढं घेतला होता, आणि रस काहिलीत पडण्याचा नंतर. शहरातल्या माणसाला हे कळलं नसतं. पण ज्यांच्यावर गाणं आहे त्यांना कळतं आणि त्यांचा विश्वास उडतो. मग आम्ही त्यांच्या शेजारी बसून क्रम लिहून घेतला: चरकातला रस, काहील भरणं, भेंडीचं पाणी, मळी वर येणं, मळी काढणं, रस आटणं, पाण्यात थेंब टाकून गोळी बघणं, काहील उतरवणं, वाफ्यात ओतणं, ढेप. हाच क्रम आता गाण्याचा कणा आहे. पहिल्या अंतऱ्यात उकळी, दुसऱ्यात आटणं, शेवटी ढेप. कुणाला मुद्दाम दिसत नाही, पण दुसरा अंतरा आता दाट वाटतो, आणि तो आधी का वाटत नव्हता हे मला त्या दिवशी उमगलं.

तुम्ही कोळ्यांवर गाणं करा, विणकरांवर करा, बॅंडवाल्यांवर करा. रंगाचं काम सुरू करायच्या आधी, कट बदलणं अजून सोपं असताना, त्या कामातल्या माणसाला तो दाखवा. आणि ज्यांचे चेहरे आहेत त्यांची परवानगी याच वेळी पक्की करा. आमच्यातल्या एका जळव्यानं त्याचा उघड्या अंगाचा शॉट नको सांगितला. काढला.

रंग: गूळ काळा दिसायला लागला तर थांबा

कट पक्का झाल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. मुलांनी सुरुवातीलाच सगळ्या क्लिपांवर इंटरनेटवरून उतरवलेली एक 'लट' टाकली होती, म्हणजे तयार रंगाची फाइल, सावल्या निळ्या-हिरव्या आणि कातडी केशरी करणारी. तिनं सगळ्यांचे चेहरे तांब्याचे झाले होते आणि गूळ काळपट हिरवा. ज्या माणसाची सगळी उमर गुळाचा रंग बघून काहील उतरवण्यात गेली, त्याच्या व्हिडिओत गुळाचा रंग चुकवायचा?

आम्ही सगळं उतरवून शून्यापासून केलं. आधी प्रत्येक शॉटचा उजेड. गुऱ्हाळघरात आतून काळोख आणि वाफेचा पांढरा लोट, त्यामुळं फोनचं एक्स्पोजर एका शॉटच्या आतच वर-खाली होत होतं. वाफ आली की चेहरा बुडायचा, गेली की उजळायचा. तिथं रंगाच्या पानावर कीफ्रेम (ठरावीक क्षणी बदलाची खूण) टाकून हळूहळू उलटं ओढावं लागलं. शूटच्या वेळी बोटानं स्क्रीन दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलं असतं तर हे दोन दिवस वाचले असते.

मग कॅमेरा आणि फोन यांचे शॉट एकमेकांशी जुळवणं. त्यासाठी दोन्हीकडं असलेली एखादी वस्तू धरा. आमच्याकडं वडिलांची पांढरी टोपी होती. दिवसाच्या शॉटमध्ये परेड स्कोपवर (रंगांच्या आलेखावर) त्या टोपीचे लाल, हिरवा, निळा हे तीन भाग एका उंचीवर आणले की दोन्ही कॅमेरे आपोआप जवळ येतात. पण चुलवाणासमोरच्या शॉटमध्ये टोपी पांढरी करू नका. तिथं ती केशरीच हवी, आगीचा उजेड आहे तो. एका मुलानं मेहनतीनं आगीसमोरची टोपी शुभ्र केली आणि आगीतला जीवच गेला.

काळोख उजळायचा मोह टाळा. अंधारात टिपलेला शॉट वर ओढला की दाणे उसळतात, आणि ते नीट घालवण्याचं साधन रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मिळत नाही. चेहऱ्याची एक बाजू आगीनं दिसते आहे ना, मग दुसरी काळी राहू द्या.

शेवटी आम्ही दुकानातून गुळाची एक ढेप आणली, फोडली आणि मॉनिटरच्या शेजारी खिडकीच्या उजेडात ठेवली. स्क्रीनवरचा गूळ तिच्याजवळ जाईपर्यंत रंग हलवला. उरलेली ढेप सगळ्यांनी खाल्ली.

आवाज

गाण्याचं मिक्स झालेलं असतं म्हणून आवाजाकडं कुणी बघत नाही. पण व्हिडिओत नुसतं गाणं असलं की चित्र काचेच्या पलीकडं राहतं. आम्ही तीन ठिकाणी जागेवरचा आवाज आणला: सुरुवातीची तडतड, दोन अंतऱ्यांच्या मधल्या संगीताखाली काहिलीची रटरट, आणि शेवटी गाणं विरताना एसटीचं दार. शब्द चालू असताना यातलं काहीही नाही. पातळी इतकी कमी की कुणी "हा आवाज कुठून आला" असं विचारणार नाही, पण बंद केला तर चुकल्यासारखं होईल.

यूट्यूब फार मोठा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) खाली आणतं. म्हणून ठेचून मोठा करण्यात काही मिळत नाही, उलट ढोलकीची थाप चपटी होते. सर्वांत वरचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली राहील एवढं बघा.

'गुऱ्हाळ' नीट उमटलं का?

श्रेयनामावलीत मराठीची फार हेळसांड होते. आमच्या पहिल्या कटात 'गुऱ्हाळ'मधला अर्धा र तुटून बाजूला पडला होता. तो डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीचा खास आहे, तो सगळीकडं नीट उमटेलच असं नाही. 'ऱ्या', 'ऱ्हा', 'क्त', 'ज्ञ', 'श्र' ही अक्षरं एकेक करून बघा. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट मला भरवशाचे वाटतात. तरीही अक्षर तुटत असेल तर इंकस्केपमध्ये पाटी करून, मागं पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा. नावांची शुद्ध रूपं त्या त्या माणसाला विचारून लिहा. गुऱ्हाळावरच्या नऊ माणसांची नावं आम्ही त्यांच्याकडून वहीत लिहून आणली, आणि ती मुलांच्या नावांच्या आधी येतात. वाचायला पुरेसा वेळ द्या: मी स्वतः मोठ्यानं वाचते, वर एक सेकंद.

बाहेर काढणं

मत घेण्यासाठी कुणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो आणि समोरचा रंगाबद्दल भलतंच सांगतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात तारीख आणि कटाचा क्रमांक असू द्या, 'फायनल' हा शब्द कशातच नको. आमचे अकरा कट झाले, प्रत्येकाची वेगळी फाइल आहे. नवव्या कटात बिघडवलेला एक अंतरा सातव्यातून जसाच्या तसा उचलता आला, तो त्यामुळंच.

१०८०च्या व्हिडिओला यूट्यूबची शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. मी २० वर काढते, कारण तिथं गेल्यावर तो पुन्हा दाबला जाणारच असतो आणि वाफ, धूर असल्या बारीक हालचाली सगळ्यात आधी फाटतात.

रेंडर झालेली, म्हणजे तयार होऊन बाहेर पडलेली, फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन ठिकाणी बघा: टीव्हीवर, साध्या फोनच्या स्पीकरवर आणि इअरफोन लावून. आम्ही टीव्हीवर बघितलं तेव्हा शेवटी तंबोऱ्याची आस (मागं रेंगाळणारा नाद) संपायच्या आतच चित्र तुटत होतं, लॅपटॉपच्या स्पीकरवर ती आस ऐकूच आली नव्हती. काळा पडदा तीन सेकंद वाढवला आणि पुन्हा रेंडर लावला. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. मुलीनं तिथूनच वडिलांना फोन लावला, पण काहील चढलेली होती, त्यांनी उचलला नाही. पहाटे त्यांचा फोन आला तेव्हा तिनं लिंक पाठवली.